कुत्र्यांमधील लेप्टोस्पायरोसिस: पुण्यातील श्वानपालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेप्टोस्पायरोसिस हा नेमका कसला आजार आहे?

लेप्टोस्पायरा नावाच्या, मळसूत्रासारखा पीळ असलेल्या आणि टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या जिवाणूंमुळे होणारा हा संसर्ग आहे. बोलताना त्याला सर्रास ‘लेप्टो’ म्हटले जाते. हे जिवाणू कुत्र्याच्या शरीरात शिरल्यावर काही दिवस रक्तातून सर्वत्र फिरतात आणि त्यानंतर मुख्यतः मूत्रपिंडे व यकृत यांत ठाण मांडतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही त्यांच्यामुळे इजा होते आणि म्हणून काही कुत्र्यांच्या फुप्फुसांत रक्तस्राव होतो. माणसांतील या आजाराच्या तीव्र रूपाचे वर्णन जर्मन वैद्य अडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये केले आणि १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा व इडो या संशोधकांनी त्यामागचा जिवाणू शोधून काढला. या जिवाणूंचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आज ज्ञात आहेत. हा तपशील आत्ता पुस्तकी वाटला तरी लसीचा विचार करताना तोच कळीचा ठरतो.

आजार जिवाणूजन्य आहे, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब आहे, कारण साधी आणि स्वस्त प्रतिजैविके लेप्टोवर प्रभावी ठरतात. अट एवढीच, की मूत्रपिंडे निकामी होण्याआधी ती सुरू झाली पाहिजेत, आणि बहुतेक वेळा घात होतो तो याच टप्प्यावर.

कुत्र्याला हा संसर्ग होतो कसा?

उंदीर आणि घुशी हे या जिवाणूंचे मुख्य आश्रयस्थान आहे. त्यांच्या मूत्रपिंडांत जिवाणू महिनोन्‌महिने राहतात, ते स्वतः आजारी दिसत नाहीत, आणि लघवीवाटे जिवाणू सतत बाहेर टाकत राहतात. गाई-म्हशी, डुकरे आणि संसर्ग झालेली इतर कुत्रीही लघवीतून जिवाणू सोडतात. अशा लघवीने दूषित झालेले पाणी, चिखल किंवा गवत यांच्याशी कुत्र्याचा संपर्क आला, की डोळे, नाक आणि तोंड यांच्या ओलसर अस्तरातून किंवा त्वचेवरील खरचटलेल्या जागेतून जिवाणू आत शिरतात. जखम मोठी असण्याची गरज नसते. बराच वेळ पाण्यात भिजून मऊ पडलेली पंजाची त्वचा, बोटांच्या मधली चीर किंवा गोचीड उपटून काढल्यावर राहिलेला व्रण एवढेही पुरेसे असते. डबक्यातले पाणी पिणे, मेलेला उंदीर तोंडात धरणे, संसर्गित कुत्र्याची लघवी चाटणे हे मार्गही तितकेच खरे आहेत. गाभण मादीकडून गर्भातील पिल्लांना आणि समागमातूनही संसर्ग होऊ शकतो, मात्र घरगुती कुत्र्यांच्या बाबतीत असे क्वचित घडते.

जिवाणू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः एक ते दोन आठवडे जातात. त्यामुळे कुत्रा आजारी पडल्यावर ‘काल कुठे नेले होते’ एवढेच आठवून चालत नाही. मागच्या पंधरवड्यात तो कोणत्या पाण्यात उतरला, कुठे चिखलात लोळला, त्याने उंदीर पकडला होता का, हे डॉक्टरांना सांगावे लागते.

आमचा कुत्रा सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो आणि दिवसातून दोनदाच खाली उतरतो. त्याला काय धोका असणार?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्यामागचा समज सर्वाधिक फसवा आहे. खाली उतरल्यावर तो जिथे हुंगतो ती ठिकाणे पाहावीत: सोसायटीची कचऱ्याची खोली, ओला कचरा जिरवण्याचे खड्डे, बेसमेंटमधील पार्किंगच्या कोपऱ्यात साचलेले पाणी, ड्रेनेजच्या चेंबरची सैल झाकणे आणि बागेच्या कडेला घुशींनी पोखरलेली माती. उंदरांना हवे असलेले अन्न, ओल आणि आडोसा ही तिन्ही सुखे नव्या पुण्यातील टोलेजंग इमारतींच्या तळाशी एकत्र मिळतात. जुन्या पेठांत वाड्यांच्या जोत्यांखाली आणि मंडईच्या आसपास घुशींचा वावर पूर्वीपासूनच आहे. शहराबाहेरच्या संकुलांत घुशी नाहीत असे वाटत असेल, तर रात्री दहानंतर कचऱ्याच्या डब्यांपाशी पाच मिनिटे उभे राहून पाहावे.

पुण्याला मुळा आणि मुठा या नद्या आहेत, रामनदी आहे, आंबील ओढा आहे, आणि शहराच्या मधून जाणारा उजवा कालवाही आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने सहकारनगर-अरण्येश्वर परिसराची दैना केली, तर २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. अशा पुरात बिळांतून बाहेर पडलेले उंदीर, तुंबलेली गटारे आणि रस्त्यावरचे पाणी एकत्र मिसळते. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या कुत्र्याला संसर्गाची शक्यता आहे असेच धरून चालावे, त्याला स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि पुढचे दोन आठवडे त्याच्या खाण्यापिण्यावर व लघवीवर लक्ष ठेवावे. लस झाली नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्यांना फोन करावा.

हा आजार फक्त पावसाळ्यातच होतो का?

नाही, परंतु जून ते ऑक्टोबर या काळात धोका निश्चितच वाढतो. उबदार हवेत, ओल्या आणि सावलीच्या जागी हे जिवाणू काही आठवडे, अनुकूल परिस्थितीत काही महिनेही तग धरू शकतात. कोरडेपणा आणि कडक ऊन मात्र त्यांना सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत टेकडीवरची फुफाटा झालेली वाट म्हणूनच तुलनेने सुरक्षित असते, पण त्याच दिवसांत ठिबक सिंचनाने कायम ओली राहणारी बाग, गळक्या नळाखालचे डबके किंवा कालव्याकाठची दलदल सुरक्षित नसते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोचे रुग्ण वाढले, तेव्हापासून हा आजार महाराष्ट्रात ‘पुराचा आजार’ म्हणून लोकांच्या मनात बसला. जनजागृतीला त्या ओळखीचा उपयोग झाला, मात्र पूर नाही म्हणजे लेप्टो नाही, असा उलटा अर्थही त्यातून निघू लागला.

लक्षणे कशी ओळखावीत?

सुरुवातीची लक्षणे इतकी सर्वसाधारण असतात, की पोट बिघडले असेल म्हणून दोन दिवस दहीभातावर काढले जातात. कुत्रा मलूल होतो, अन्नाकडे पाठ फिरवतो, ताप येतो, उलट्या होतात. कुत्र्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे अंगाला हात लावून ‘गरम लागते’ म्हणण्याला अर्थ नाही. ते गुदद्वारात थर्मामीटर लावूनच पाहावे लागते. अनेक कुत्र्यांचे स्नायू दुखतात: ते उठायला कंटाळतात, जिना चढताना थबकतात, कंबरेला हात लावला तर अंग आखडून घेतात. ‘वय झाले, सांधे धरले असतील’ असा अर्थ येथे सहज लावला जातो.

मूत्रपिंडांवर परिणाम होऊ लागला, की पाणी पिण्याचे आणि लघवीचे प्रमाण बदलते. काही कुत्री अचानक खूप पाणी पिऊ लागतात आणि घरात लघवी करतात. दिवसभरात वजनाच्या प्रत्येक किलोमागे १०० मिलीलीटरपेक्षा अधिक पाणी, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने २ लीटरहून जास्त पाणी पिणे, हे तपासणीला पुरेसे कारण आहे. याच्या उलट, लघवी अगदी कमी होणे किंवा थांबणे हे त्याहून गंभीर चिन्ह आहे. यकृताला बाधा झाल्यास डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि कानाच्या आतील त्वचा पिवळी दिसते आणि लघवी गडद होते. काळसर शौच, नाकातून रक्त, हिरड्यांवर किंवा पोटाच्या त्वचेवर लाल ठिपके, धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. फुप्फुसांतील रक्तस्राव काही तासांत जीवघेणा ठरू शकतो.

कावीळ प्रत्येक कुत्र्याला होतेच असे नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. डोळे पिवळे नाहीत म्हणजे लेप्टो नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. अनेकदा केवळ मूत्रपिंडांचा बिघाड एवढेच रूप दिसते. काही कुत्र्यांना संसर्ग होऊनही लक्षणे जवळजवळ दिसत नाहीत, पण लघवीतून जिवाणू मात्र जात राहतात.

गोचीडताप आणि लेप्टो यांत फरक कसा करायचा?

पुण्यात कुत्र्याला ताप आला आणि रक्तातील प्लेटलेट कमी निघाल्या, की पहिला संशय गोचीडतापावर जातो. हा संशय रास्त आहे, कारण एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांमधून पसरणारे आजार येथे वर्षभर आढळतात. अडचण अशी, की ताप, मलूलपणा आणि कमी झालेल्या प्लेटलेट लेप्टोमध्येही असतात. बबेसियामध्ये रक्तपेशी फुटल्यामुळे कावीळही होते. गोंधळात भर म्हणजे एर्लिकियावर दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन हेच लेप्टोवरचेही प्रमुख औषध आहे. त्यामुळे गोचीडताप समजून सुरू केलेल्या गोळीने लेप्टोचे जिवाणू नकळत मरतातही, पण त्याच वेळी बिघडत चाललेल्या मूत्रपिंडांकडे दुर्लक्ष होते, सलाईन लागत नाही, आणि चार दिवसांनी कुत्रा पुन्हा खाणे सोडतो तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे बिघडली की रक्तात साचणारा घटक, फार वर गेलेले असते.

म्हणून तापाच्या कुत्र्याच्या रक्ताची तपासणी करताना केवळ पेशींची मोजणी आणि गोचीडतापाची झटपट चाचणी यांवर थांबू नये. क्रिएटिनिन, युरिया, यकृताची विकरे, बिलिरुबिन आणि लघवीची साधी तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. कुत्र्याला दोन्ही आजार एकाच वेळी असणेही शक्य असते आणि पावसाळ्यात ते नवलाचे मानू नये.

निदान पक्के कोणत्या तपासणीने होते?

मुख्यतः दोन प्रकारच्या तपासण्या आहेत. पीसीआर चाचणीत जिवाणूचा जनुकीय अंश शोधला जातो. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतात आणि नंतर लघवीत उतरतात, म्हणून रक्त आणि लघवी हे दोन्ही नमुने पाठवणे श्रेयस्कर ठरते. नमुने प्रतिजैविक देण्यापूर्वी घेतले पाहिजेत, कारण औषधाच्या एक-दोन मात्रांनंतरही चाचणी नकारार्थी येऊ शकते. दुसरी तपासणी प्रतिपिंडांची, म्हणजे जिवाणूंविरुद्ध शरीर रक्तात तयार करते त्या प्रथिनांची. तिला मॅट (मायक्रोस्कोपिक अ‍ॅग्लुटिनेशन टेस्ट) म्हणतात. या चाचणीसाठी प्रयोगशाळेत जिवंत लेप्टोस्पायरा सांभाळावे लागतात, त्यामुळे ती मोजक्याच ठिकाणी होते. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे तयार झालेली नसल्याने ती नकारार्थी येऊ शकते. एक ते दोन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन प्रमाण चौपट वाढलेले दिसले, तर निदान पक्के मानतात. लस घेतलेल्या कुत्र्याच्या रक्तात लसीमुळेही प्रतिपिंडे असतात, म्हणून लसीकरणाची वही डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

व्यवहारात अहवाल येईपर्यंत कुणी थांबत नाही आणि थांबूही नये. लक्षणे, इतिहास आणि मूत्रपिंड-यकृताचे आकडे जुळत असतील तर नमुने काढून लगेच उपचार सुरू करणे हेच योग्य आहे. पहिली चाचणी नकारार्थी आली म्हणून चालू उपचार बंद करण्याचा हट्ट पालकांनी धरू नये.

उपचार काय असतात आणि कुत्रा वाचण्याची शक्यता किती?

उलट्या होत असताना तोंडाने गोळी टिकत नाही, म्हणून सुरुवातीला पेनिसिलिन गटातील इंजेक्शन देतात आणि खाणे सुरू झाल्यावर डॉक्सिसायक्लिनचा दोन आठवड्यांचा क्रम पूर्ण करतात. मूत्रपिंडांत दडलेले जिवाणू डॉक्सिसायक्लिनमुळे निघून जातात, म्हणून कुत्रा बरा दिसू लागला तरी गोळ्या मध्येच सोडू नयेत. ही गोळी अन्नासोबत द्यावी आणि वरून पाणी पाजावे, अन्यथा अन्ननलिकेला इजा होते. प्रतिजैविकाइतकेच महत्त्व शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाईनला आहे. त्यासाठी कुत्र्याला काही दिवस दाखल करावे लागते आणि किती लघवी होते हे मोजत राहावे लागते. रोज दवाखान्यात नेऊन त्वचेखाली थोडे सलाईन टोचून आणणे ही सोय मध्यम किंवा तीव्र आजारात पुरेशी नसते. खर्चाचा प्रश्न असेल तर तो डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलावा, कारण अर्धवट उपचार अंती अधिक महाग पडतात. लघवी पूर्ण थांबल्यास डायलिसिस हाच उपाय उरतो आणि कुत्र्यांसाठी तो देशात मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहे.

योग्य उपचार वेळेत मिळाल्यास १० पैकी साधारण ७ ते ८ कुत्री वाचतात. फुप्फुसांत रक्तस्राव झाला असेल तर ही शक्यता बरीच घटते. वाचलेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडे कायमची दुबळी राहतात.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत घरी काही औषध देता येईल का?

देऊ नये. घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी तर मुळीच नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या मूत्रपिंडांना व जठराला घातक आहेत आणि पॅरासिटामॉल यकृताला अपाय करू शकते, म्हणजे जे अवयव आधीच आजारी आहेत त्यांच्यावरच घाव बसतो. काविळीवर घरोघरी सुचवली जाणारी मुळ्या-पाल्यांची औषधेही कुत्र्यावर आजमावू नयेत. पिण्याचे स्वच्छ पाणी समोर ठेवावे, जबरदस्तीने भरवू नये, आणि जमल्यास लघवीचा रंग व वेळ लिहून ठेवावी.

लस कोणती आणि कधी द्यावी?

पिल्लाला ८ ते ९ आठवड्यांच्या वयानंतर पहिली मात्रा, त्यानंतर ३ ते ४ आठवड्यांनी दुसरी मात्रा आणि पुढे दरवर्षी एक मात्रा, हा प्रचलित क्रम आहे. मोठ्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदाच लस देत असतानाही दोन मात्रा लागतातच. केवळ एका मात्रेने भरवशाचे संरक्षण मिळत नाही. दुसऱ्या मात्रेनंतर प्रतिकारशक्ती तयार व्हायला आणखी दोन-तीन आठवडे जातात. पुण्यात पाऊस साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो, म्हणजे मागे मोजत गेल्यास पहिली मात्रा एप्रिलच्या अखेरीपूर्वी व्हायला हवी. जुलैत पहिला पूर आल्यावर दवाखान्यांत लसीसाठी होणारी गर्दी त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या दृष्टीने बऱ्याच अंशी उशिराची असते, पण तरीही लस न घेण्यापेक्षा ती बरीच.

डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूजन्य आजारांच्या लसींचे संरक्षण प्रौढ कुत्र्यात तीन वर्षे किंवा अधिक टिकते, म्हणून काही पालक ‘आता दरवर्षी लस लागत नाही’ असे इंटरनेटवर वाचून सगळ्याच मात्रा लांबणीवर टाकतात. लेप्टोला हा नियम लागू नाही. ही लस मारलेल्या जिवाणूंपासून बनवलेली असते आणि तिचा प्रभाव साधारण एक वर्ष टिकतो. दीड वर्षाहून अधिक खंड पडला असेल तर पुन्हा दोन मात्रांपासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला जातो.

आता उपप्रकारांकडे वळू. बाटलीवरचा ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ हा आकडा लेप्टोपासून किती संरक्षण मिळते हे सांगत नाही. कारण एकाच आजाराचे उपप्रकार वेगवेगळे मोजून तो आकडा वाढवलेला असतो. जुन्या पद्धतीच्या लसींत कॅनिकोला आणि इक्टेरोहेमोरेजिया हे दोनच उपप्रकार असतात. नव्या चार उपप्रकारांच्या लसींत ग्रिपोटायफोसा आणि कंपनीनुसार पोमोना किंवा ऑस्ट्रॅलिस गटातील एक यांची भर असते. एका उपप्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून ‘नाइन इन वन आहे ना?’ असे विचारण्याऐवजी ‘यात लेप्टोचे उपप्रकार किती आणि कोणते?’ असे डॉक्टरांना विचारावे. उपलब्ध असल्यास चार उपप्रकारांची लस निवडावी, असे आमचे मत आहे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे, की ज्या भागात लेप्टो कायम आढळतो, तेथील उपप्रकार माहीत आहेत आणि योग्य लस मिळते, तेथे ही लस मूलभूत, म्हणजे प्रत्येक कुत्र्याला द्यायच्या लसींत धरावी.

रेबीजची लस दरवर्षी देतो. ती पुरेशी नाही का?

नाही. महापालिकेच्या परवान्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ती आठवणीने दिली जाते आणि वहीत शिक्का पडला की सगळे झाले असे वाटते. रेबीज आणि लेप्टो यांचा परस्परांशी काही संबंध नाही.

लसीचा त्रास होतो का? लस घेऊनही लेप्टो होऊ शकतो का?

टोचलेल्या जागी सूज, एखादा दिवस मलूलपणा किंवा हलका ताप हे सामान्य आहे. क्वचित एखाद्या कुत्र्याच्या, त्यातही लहान चणीच्या जातींत, चेहऱ्याला सूज येते, अंगावर गांधी उठतात किंवा उलट्या होतात. हे बहुधा पहिल्या काही तासांतच घडते. त्यामुळे लस सकाळी घ्यावी आणि अर्धा तास दवाखान्याच्या आवारातच थांबावे. आधी असा त्रास झाला असल्यास तो लपवू नये. लस घेतलेल्या कुत्र्याला लसीत नसलेल्या उपप्रकाराचा संसर्ग होऊ शकतो, तरी लसीमुळे गंभीर आजाराची आणि लघवीतून जिवाणू जाण्याची शक्यता पुष्कळ घटते.

कुत्र्यापासून घरातल्या माणसांना लेप्टो होतो का?

होऊ शकतो, मात्र माणसांना होणारा बहुतांश संसर्ग दूषित पाणी आणि चिखल यांतूनच येतो. पाळीव कुत्र्याकडून थेट संसर्ग झाल्याची उदाहरणे तुलनेने कमी आहेत. कुत्र्याला लेप्टो झाला म्हणून त्याला घराबाहेर काढण्याचे किंवा सोडून देण्याचे काहीही कारण नाही. योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावर साधारण तीन दिवसांत लघवीतून पसरणारा धोका बराच कमी होतो.

तोपर्यंत लघवी पुसताना हातमोजे घालावेत, हातावर जखम असल्यास ते काम दुसऱ्याकडे द्यावे, आणि लहान मुले, गरोदर स्त्रिया व प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तींना या कामापासून पूर्ण दूर ठेवावे. गरोदरपणातील संसर्ग गर्भालाही घातक ठरू शकतो. कुत्र्याला तोंड चाटू देणे आणि अंथरुणात घेणे काही दिवस बंद ठेवावे. घरातील कुणाला ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर आपल्या डॉक्टरांना ‘घरातल्या कुत्र्याला लेप्टो झाला आहे’ हे आपणहून सांगावे. पावसाळ्यात ताप म्हटला की डेंग्यूचीच तपासणी आधी होते, आणि हे एक वाक्य निदानाचे काही दिवस वाचवू शकते. जो कामगार कुत्र्याला फिरवतो किंवा ज्या मावशी फरशी पुसतात, त्यांनाही ही माहिती देणे पालकाचे कर्तव्य आहे. बहुतेक घरांत नेमके तेच राहून जाते.

घरात दुसरा कुत्रा असल्यास तो ठणठणीत दिसत असला तरी त्याच्याबद्दल पशुवैद्यांशी बोलावे. दोघांनाही एकाच डबक्यातून संसर्ग झालेला असू शकतो आणि अशा वेळी त्यालाही प्रतिबंधात्मक औषध देण्याची शिफारस केली जाते.

लघवीची जागा कशी स्वच्छ करावी?

आधी लघवी कागदाने किंवा फडक्याने टिपून घ्यावी, जागा पाण्याने पुसावी आणि मग एक भाग हायपोक्लोराइटचे द्रावण (घरगुती ब्लीच) व दहा भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे. लघवीवर थेट हे द्रावण ओतू नये आणि संडास साफ करण्याच्या अ‍ॅसिडात तर ते कधीच मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. पार्किंग किंवा अंगण जोराच्या फवाऱ्याने धुणेही टाळावे, कारण दूषित पाण्याचे तुषार हवेत उडून डोळ्यांत जातात. आजारी कुत्र्याला शक्यतो एकाच, उन्हाच्या आणि पाणी न साचणाऱ्या जागी लघवीला न्यावे.

सोसायटीतील उंदरांचा बंदोबस्त विषाने करावा का?

विष हा सर्वांत शेवटचा उपाय समजावा. बाजारात मिळणाऱ्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या किंवा झिंक फॉस्फाइड कुत्र्याच्या पोटात गेले तर जीव जाऊ शकतो, आणि ब्रोमाडायोलोनमुळे होणारा रक्तस्राव लेप्टोशी साधर्म्य दाखवत असल्याने निदानही भरकटते. पिंजरे लावणे, चेंबरची झाकणे सिमेंटने घट्ट बसवणे, पाइपांभोवतीच्या फटी जाळीने बुजवणे आणि ओला कचरा रात्रभर उघडा न ठेवणे या गोष्टी कंटाळवाण्या असल्या तरी टिकाऊ आहेत. भटक्या कुत्र्यांसाठी आणि कबुतरांसाठी टाकलेले उरलेले अन्न रात्री उंदीरच खातात, याचा विचार प्राणिप्रेमी रहिवाशांनीही करावा. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये.

टेकडीवर किंवा सहलीला कुत्र्याला न्यावे की नाही?

न्यावे. वेताळ टेकडी, तळजाई किंवा हनुमान टेकडी बंद करून कुत्र्याला गॅलरीत कोंडणे हा उपाय नव्हे. पावसाळ्यात मात्र खाणींतील साचलेल्या पाण्यात आणि पाषाण तलावासारख्या जलाशयांच्या काठच्या दलदलीत त्याला उतरू देऊ नये. नदीपात्रात तर नकोच. पिण्याचे पाणी आणि वाटी घरून न्यावी, कारण तहानलेला कुत्रा डबक्यातच तोंड घालणार. मुळशी, पानशेत किंवा लोणावळ्याच्या बाजूला शेतघरावर जाताना तेथे गुरे, भातखाचरे आणि शेतातले उंदीर असतात हे लक्षात ठेवून लस वेळेत झाली आहे ना हे पाहूनच निघावे. परतल्यावर पंजे धुऊन बोटांच्या मधली जागाही कोरडी करावी.

मांजरांना लेप्टो होतो का?

संसर्ग होतो, परंतु मांजरे क्वचितच आजारी पडतात. त्यांच्यासाठी लस दिली जात नाही.

आम्ही सांभाळत असलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचे काय?

नसबंदी मोहिमेत या कुत्र्यांना रेबीजची लस दिली जाते, लेप्टोची सहसा नाही. ज्या कुत्र्याला दर वर्षी पकडून लस देणे शक्य आहे, त्याला ती जरूर द्यावी. जे हाती लागत नाहीत त्यांच्यासाठी स्वच्छ पाण्याचे भांडे रोज बदलून ठेवणे आणि त्यांच्यापैकी एखादा खाणे सोडून एका जागी पडून राहिला, तर प्राण्यांच्या मदत पथकाला लवकर कळवणे, एवढे कुणालाही करता येते. अशा कुत्र्याला उचलताना हातमोजे घालावेत.

आमचा कुत्रा लेप्टोतून बरा झाला आहे. आता पुढे काय?

गोळ्यांचा क्रम संपल्यावर एक आठवड्याने, मग महिन्याने आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तसे क्रिएटिनिन व लघवी तपासावी. मूत्रपिंडांची सुधारणा काही आठवडे, कधी काही महिने चालू राहते, त्यामुळे घरी आल्यावर पहिला अहवाल पूर्ण सामान्य नसला तरी धीर सोडू नये. आकडे चढेच राहिले तर मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचा आहार सुरू करावा लागतो आणि मग शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेली चिकनची हाडे व खारी बिस्किटे बंद करणे भाग पडते. एकदा आजार झाल्याने सर्व उपप्रकारांविरुद्ध कायमचे संरक्षण मिळत नाही, म्हणून प्रकृती पूर्ववत झाल्यावर लसीकरण पुन्हा सुरू करावे. ती तारीख डॉक्टरांकडून वहीत लिहूनच घ्यावी.